दोन बोटं कापड

खोळ गादीवर अर्ध्यापर्यंत चढली आणि तिथेच अडून बसली. भिंगकाकांनी गादी दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरली, श्वास रोखला आणि खोळ पुन्हा खाली ओढली. फोमचा एक कोपरा आत गेला, तर दुसरा बाहेर आला. तो आत कोंबला, तर पहिल्याने डोकं वर काढलं. पाऊण तासाच्या झटापटीनंतर कशीबशी खोळ चढली, पण चेन काही लागेना. चेनीचे दोन काठ एकमेकांपासून दोन बोटं लांब होते.

"अगं ये ना आता," काका दमून म्हणाले. खोळीला म्हणाले की बायकोला, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. बायको जाऊन आठ महिने झाले होते.

सोफा बावीस वर्षांचा होता. एवढ्या वर्षांत शेजाऱ्यांचे तीन-तीन सोफे झाले, पण यांचा तोच राहिला. त्याचं सगळं श्रेय तिचं. आठवड्यातून एकदा ती मऊ ब्रश घेऊन शिवणींमधली धूळ काढायची. दर महिन्याच्या एक तारखेला तिन्ही गाद्यांच्या जागा बदलायची, म्हणजे बसून बसून एकीलाच खड्डा पडायला नको. दुपारी उन्हाची तिरीप आली की पडदा ओढायची. सोफ्याच्या हातावर कुणी बसलं, तर तो घरचा असो की पाहुणा, त्याला उठवायची. आणि काही सांडलं की ओरडायची, "अहो, घासू नका! फडक्यानं नुसतं दाबा. घासलं की डाग आत जातो."

आता हे सांगायचं कुणाला? तर ज्या माणसाने चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत सदतीस वर्षं काचा घासल्या, त्याला. घासणं हाच ज्याचा धर्म, त्याच्यासमोर हा उपदेश म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. काका "हो हो" म्हणायचे आणि वर्तमानपत्राचं पान उलटायचे. ती असेपर्यंत त्या "हो हो"ने कुणाचं काही बिघडलंही नाही.

बुधवारी सोफ्यावर चहा सांडला. काकांनी सवयीने घासला. बशीएवढा डाग ताटाएवढा झाला आणि कापडाला लव सुटली. काका घाबरले. रविवारी लेक येणार होती. गेले चार महिने ती एकच गोष्ट सांगत होती, "बाबा, एकटे राहू नका. माझ्याकडे चला." काका तेवढ्याच वेळा म्हणाले होते, "माझं मी बघतो." आता ती येऊन तो डाग बघणार, म्हणजे 'माझं मी बघतो' संपलंच. मग लेकीच्या घरची ती मागची खोली, आणि या घराला कुलूप.

म्हणून त्यांनी बादलीभर कडकडीत पाणी काढलं. काच गरम पाण्यात कशी लख्ख निघते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कापडाचं काय होतं, ते बायकोला ठाऊक होतं. खोळ बादलीत टाकता टाकता मात्र तिचा एक नियम त्यांना नेमका आठवला. एकच खोळ कधी धुवायची नाही, तिन्ही एकदम धुवायच्या, नाहीतर रंगात फरक पडतो. जन्मात पहिल्यांदा काकांनी तिचं ऐकलं. तिन्ही खोळी काढल्या आणि तिन्ही उकळत्या पाण्यात बुडवल्या. एक आटली असती, त्या जागी तिन्ही आटल्या.

शनिवारी सकाळी त्यांनी सोफेवाल्याला फोन केला.

"आटलं म्हणजे आटलं, काका," सोफेवाला म्हणाला. "ताणून काय उपयोग? कापड जुनं आहे, फाटेल. नव्या खोळी शिवून देतो. छान चॉकलेटी कापड आलंय."

"नको."

"मग सोफाच बदला की. किती वर्षं पुरवणार?"

"तिनं शिवलेल्या खोळी आहेत," काका म्हणाले. आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

कंपनीच्या खोळी पाच-सहा वर्षांतच विरल्या, तेव्हा तिने तेच कापड शोधून आणून या खोळी घरच्या मशीनवर शिवल्या होत्या. कोपरे मशीनवर नीट येईनात, म्हणून ते हाताने शिवले होते. काका गादी मांडीवर घेऊन बसले. मग त्यांच्यातला कारागीर जागा झाला. गिऱ्हाइकाची फ्रेम लहान असली तर आपण काय करायचो? फ्रेम कुणी ताणत नाही. फ्रेमच्या मापाने काच घासायची. खोळ ही फ्रेम. मग घासायचं ते फोमला!

त्यांनी चष्म्यावर दुसरा चष्मा चढवला, पट्टी आणि पेन घेऊन फोमवर दोन बोटांची रेघ मारली आणि पाव कापायची दातेरी सुरी चालवली. हात अजून थरथरत नव्हता. कड अशी सरळ आली की दुकानाच्या मालकानेही पाठ थोपटली असती. खोळ चढली, चेन लागली. दुपारपर्यंत दोन गाद्या झाल्या. सोफ्यावर ठेवल्या तेव्हा मात्र दोघींच्या मध्ये हात जाईल एवढी फट राहिली. तिसरी गादी कापायचं बळ काकांच्यात उरलं नव्हतं. ती त्यांनी उद्यावर टाकली.

पण रविवारी लेक ठरल्यापेक्षा दीड तास आधी आली. दारातूनच तिची नजर सोफ्यावर गेली. एक गादी उघडी, दोन आखडून बसलेल्या, आणि खाली फोमच्या पट्ट्या.

"बाबा! हे काय केलंत?"

"काही नाही. मापात बसवतोय."

"सोफा कापलात?"

"सोफा नाही गं. फोम." काकांनी सगळं सांगितलं. चहापासून सुरीपर्यंत, काही न लपवता. लेकीने कपाळावर हात मारून घेतला, मग हसू आवरेना म्हणून तोंड फिरवलं, आणि मग तिचा आवाज बदलला.

"बाबा, म्हणूनच मी म्हणते. उद्या गॅसचं असं काही झालं तर?"

काका वाकून खालच्या फोमच्या पट्ट्या गोळा करू लागले. तिसरी खोळ खुर्चीवर पडली होती, ती लेकीने उचलली. कापड कुठे विरलंय का बघायला उलटी केली, आणि शिवणीवर बोट फिरवता फिरवता थांबली.

"तुम्ही ही आतून बघितलीत?"

"आतून काय बघायचं?"

"इकडे या."

शिवणीच्या आत, चारही बाजूंनी, भरपूर कापड दुमडून टीप मारून ठेवलं होतं. एरवी अर्ध्या बोटाचं सोडतात, इथे चांगलं दोन बोटं होतं. धुण्यात आटलं तर सैल करता यावं म्हणून.

काकांनी खोळ हातात घेतली. मग कापलेल्या दोन गाद्यांकडे बघितलं. मग पुन्हा खोळीकडे.

"तिनं मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असेल, बाबा," लेक हळूच म्हणाली. "तुम्ही हो हो म्हणाला असाल."

काका खुर्चीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. दवाखान्यात रडले नव्हते, भेटायला येणाऱ्यांसमोर रडले नव्हते. लेक शेजारी उभी राहून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. गॅसचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

थोड्या वेळाने तिने छोटी कात्री आणून त्यांच्या हातात दिली. "उसवा. तुमचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे."

काकांनी भिंग डोळ्याला लावलं. भिंगाखाली तिचे टाके दिसले. एकसारखे, बारीक, कोपऱ्यावर दोनदा घातलेले. कात्रीचं टोक पहिल्या टाक्यापाशी गेलं आणि थांबलं.

"तिच्या हातचे आहेत गं. हे तरी राहू दे."

"आईनं ते उसवायलाच घातलेत. नाहीतर जास्तीचं कापड तेव्हाच कापून टाकलं नसतं का? तिला सोफा टिकवायचा होता, बाबा. टाके नाही."

काकांनी पहिला टाका तोडला. मग दुसरा. एका बाजूला तासभर लागला. कारण एकही धागा त्यांनी ओढून तोडला नाही, प्रत्येक सोडवून काढला. लेक मशीनवर बसली, दुमडलेलं कापड मोकळं करून तिने काठाकाठाने नवी टीप मारली. खोळ तिसऱ्या गादीवर चपखल बसली. चेन एका दमात लागली.

तेव्हा दोघांनाही ते दिसलं. गादीच्या चारही कडांना दोन बोटांची निळी पट्टी उमटली होती. बाकीचा सोफा राखाडी, आणि ही पट्टी दुकानातून आज आणल्यासारखी गडद निळी. दुमडीतल्या त्या कापडाला इतक्या वर्षांत उजेडच लागला नव्हता.

"हा सोफा निळा होता?" लेकीने विचारलं. "मला तर राखाडीच आठवतोय."

"निळाच." काकांना दुकान आठवलं, तिथली पायरी आठवली, बोटाने कापड चाचपत उभी असलेली ती आठवली. "मला तो चॉकलेटी हवा होता. ती म्हणाली, घरात येताना डोळ्याला बरं वाटायला हवं. मीच विसरलो होतो बघ."

लेक पुढच्या खोळीला हात घालणार, तोच काका म्हणाले, "आज एकच राहू दे. या दोन पुढच्या रविवारी करू. फोमच्या पट्ट्या आहेत, त्या मी चिकटवून ठेवतो. ते आतलं काम माझ्याच्यानं होईल."

"म्हणजे पुढच्या रविवारी मी यायचं?"

"यायचं. टीप कोण मारणार?"

तिने त्यांच्याकडे बघितलं, मशीनवर आच्छादन घातलं आणि म्हणाली, "दहापर्यंत येते."

ती गेल्यावर काकांनी निळ्या काठाची गादी सोफ्याच्या मधोमध ठेवली. तिच्यावर ते बसले नाहीत. शेजारच्या आखूड गादीवर बसले, जरा कडेला सरकून, पलीकडच्या माणसाला ऐसपैस बसता येईल एवढी जागा सोडून.