दरवाजा गप राहिला

त्या रविवारी सकाळी वलगावात मारुतीच्या पारापुढं इतकी गर्दी उसळली की माझ्या औषधाच्या दुकानात माशीसुद्धा फिरकली नाही. मी शटर अर्धं ओढलं आणि तिकडंच गेलो. पारापुढं एक चौकट उभी होती. भिंत नाही, घर नाही, नुसतीच चौकट, तिला झेंडूच्या माळा, हळदीकुंकवाचे पट्टे आणि वर लाल दिवा. एकेक माणूस तिच्यातून जात होता. चौकट 'प्यांऽ' करून बोंबलली की गर्दी ओरडायची, "बोला यंत्रेश्वर महाराज की जय!"

जवळच्या बेलोरा विमानतळावरून विमान उडू लागल्यापासून आमच्या गावाला विमानाचं सगळं कळतं. विमानात बसलेला अजून कुणी नाही, हा भाग वेगळा. त्यामुळं महाराजांना फार समजावून सांगावं लागत नव्हतं.

"हे लिंबू-मिरचीचं काम नाही बाप्पा, हे सायन्स आहे!" महाराज माईकवर गरजत होते. "विमानतळावर सरकार हाच दरवाजा लावते. आता तं नव्या मशिनी येऊन राहिल्या, कपड्याच्या आतलं पाहतात. पन सरकारी मशीन फक्त बंदूक शोधते. आपन हिच्यावर मंत्र चढवला, हे करनी शोधते! ज्याच्यावर करनी झाली त्याच्यावर बोंबलते. आन ज्यानं केली त्याच्यावर गप राहते. काहून? चोर चोराची चहाडी करत नाही!"

नियम मात्र अगदी विमानतळासारखे होते. मोबाईल, चाव्या, कमरेचा पट्टा ताटात काढून ठेवायचा. फक्त बायांना महाराज हात जोडून सांगायचे, "माय, जोडवी-मंगळसूत्र काढू नका. सौभाग्याले आपन हात लावत नाही." या एका वाक्यावर गावातल्या सगळ्या सासवा त्यांच्या भक्त झाल्या होत्या. पुरुषांच्या चांदीच्या करदोड्यालाही असाच मान होता.

ज्याच्यावर दरवाजा बोंबलला त्याला पडद्याआड नेऊन उतारा करायचा आणि पुन्हा चौकटीतून काढायचं. आता दरवाजा गप! म्हणजे करणी उतरली. उताऱ्याआधी गप राहिला तर तो करणी करणारा, आणि उताऱ्यानंतर गप राहिला तर तो मोकळा. यात शंका काढायला भरपूर जागा होती, पण शंका काढणाऱ्याला आधी चौकटीतून जावं लागलं असतं.

आदल्या रविवारी मनकर्णाबाई या चौकटीतून गेली आणि दरवाजा गप राहिला.

मनकर्णाबाई एकटी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. पाव एकरात मेथी-पालक लावते आणि बाजारात विकते, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. शेजारच्या कौशल्याबाईची म्हैस आटली होती, सून पिंकीशी पटत नव्हतं आणि गुडघे दुखत होते. या तिन्ही दुखण्यांचं एकच कारण तिला आयतं सापडलं. "हेच ते! हिनंच केलं!" ती जे ओरडली, ते गावभर झालं. आठवडाभर मनकर्णाची भाजी टोपलीतच सडली. ती नळावर आली की बाया घागरी उचलून निघून जायच्या. शेवटी महाराजांनी निकाल दिला, अमावस्येच्या आत हिनं गावाची शीव ओलांडावी. अमावस्या मंगळवारी होती. मनकर्णानं भांडी पोत्यात बांधूनही ठेवली होती.

मी दोनदा बोललो. "शालिकराम, तुमचा धंदा बसला म्हनून तुमी बोलता," असं लोकांनी मला तोंडावर सांगितलं. धंदा बसला होता हे खरंच होतं. मग मी चडफडत राहिलो, आणि चडफडण्यानं मनकर्णाचं पोतं सुटत नव्हतं.

गर्दीच्या या रविवारी गावातल्या शेषरावची लेक ज्योत्स्ना सुट्टीवर माहेरी आली होती, आणि मनकर्णाचं सगळं ऐकूनच ती पारापाशी आली. एका मोठ्या विमानतळावर प्रवाशांची तपासणी करायची, ही तिची नोकरी. तिनं चौकटीभोवती एक चक्कर मारली, झेंडूची माळ बाजूला केली आणि हसली. माळेखाली स्टिकर होता, 'प्रदर्शनाचे तिकीट दाखवा'. म्हणजे चौकट कुठल्यातरी प्रदर्शनाच्या दारातून आलेली.

"महाराज, मशीन चांगली आहे," ती म्हणाली. "मी जाऊन पाहू का?"

"ये ना माय! जोडवी नको काढू."

"थांबा. अगोदर तुमच्या चेल्याले थोडा माईक धरू द्या. दोन्ही हातांनी." तिनं माईक कुंदनच्या दोन्ही हातांत कोंबला. चौकटीशेजारी उभ्या राहणाऱ्या या शिष्याचा उजवा हात सकाळपासून खिशातच होता. महाराजांचा चेहरा जरासा उतरला.

ज्योत्स्नानं मोबाईल, मंगळसूत्र, बांगड्या, पिना ताटात टाकल्या. पायात फक्त जोडवी ठेवली. ती चौकटीतून गेली. 'प्यांऽ!'

"झाली करनी!" गर्दी म्हणाली.

मग ती खाली बसली आणि पायातली जोडवी काढू लागली. बायांमध्ये एकदम गलका झाला. "अवं माय! काय करून राहिली? नवऱ्याचा तरी विचार कर!"

ज्योत्स्नानं ताटातला फोन उचलून नवऱ्याला लावला आणि आवाज मोठा केला. "अश्विन, बरा आहेस ना?"

"हो, जेवून राहिलो," अकोल्याहून आवाज आला. "काहून?"

"काही नाही, जेव." तिनं फोन ताटात ठेवला आणि अनवाणी चौकटीतून गेली. दरवाजा गप राहिला. "आता मी चेटकीण झाली ना? काढा मलेही शिवेबाहेर!"

ती गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या मनकर्णाकडं गेली आणि जोडवी तिच्यापुढं धरली. "काकू, घाला."

"मी? मले कसं चालते व पोरी?" मनकर्णानं हात पदराआड घेतले. "मी कोन आहो ते मालूम आहे ना तुले?"

"मालूम आहे. घाला."

मनकर्णानं इतक्या वर्षांनी पायात जोडवी घातली, डोळे मिटले आणि चौकटीतून गेली. 'प्यांऽऽ!' चौकट तिच्यावर गावातल्या कुणाहीपेक्षा जोरात बोंबलली, निदान मला तरी तसं वाटलं. खरं सांगतो, माझे डोळे भरून आले.

"दिसलं?" ज्योत्स्ना म्हणाली. "या दरवाजाले फक्त धातू समजते. सवाष्णीच्या पायात जोडवी, म्हनून वाजते. हिच्या अंगावर धातूच नाही, म्हनून गप. जोडवंसुद्धा पकडीन इतके याचे कान टवकारून ठेवले आहे. उताऱ्यानंतर कुंदनभाऊ खिशातून त्याचे कान बंद करते." आता कुंदननं माईक टाकून घाईत खिशात हात घातला, आणि लहानसा रिमोट सर्वांदेखत पाराच्या पायरीवर पडला.

महाराज सायन्सला मागं सोडून जीपकडं पळाले. जादूटोणाविरोधी कायद्याचं नाव कुणीतरी मोठ्यानं घेतलं होतं. चौकट मात्र तशीच राहिली.

"मंग माही म्हैस काहून आटली?" कौशल्याबाई अजून तिथंच होती.

"डॉक्टरले दाखवली का?" ज्योत्स्नानं विचारलं.

"नाही. महाराजाले दाखवली."

हशा पिकला. ज्योत्स्ना मात्र हसली नाही. "आमच्याकडे नव्या मशिनी आल्या," ती म्हणाली. "पडद्यावर फक्त माणसासारखी एक बाहुली दिसते आन जिथं काही असंन तिथं खूण. पुढं तं म्हनतात, लोकायले थांबवाच लागनार नाही, चालता चालता तपासणी होईन. पन मशीन वाजली की आमी कोनाले चोर म्हनत नाही. बाजूले घेतो, पाहतो, विचारतो. तुमी हिले एकदा तरी विचारलं?"

मी तर सांगतो, लोकहो, यंत्र कितीही नवं येऊ द्या. ते आपलं काम करतं, त्याच्या तोंडी आपला संशय घालू नका. जे कुणी सांगेल ते तपासा, आणि माणसाला शिवेबाहेर काढण्याआधी तर दहादा तपासा.

मनकर्णा जोडवी परत द्यायला वाकली, तर ज्योत्स्नानं तिचा हात धरला. "राहू द्या काकू."

मंगळवारी अमावस्या होती आणि मनकर्णा बाजारात बसली होती, पायात जोडवी. येणाऱ्याजाणाऱ्यांची नजर आधी तिच्या पायांवर जायची आणि मग भाजीवर. बऱ्याच वेळानं कौशल्याबाई आली आणि तिनं मान खाली घालून मेथीच्या जुडीकडं बोट दाखवलं.

मनकर्णानं जुडी उचलली आणि वर पाहिलं.

"कौशल्या, दरवाज्यातून काढून आनू का," ती म्हणाली, "का अशीच नेतं?"