उलटी पट्टी

"मला नाही जमणार," मोठा मुलगा म्हणाला आणि हात धुवायला उठला.

त्याचा बाप, रोपवाटिकेचा म्हातारा मालक, प्लास्टरमधलं मनगट मांडीवर घेऊन बसला होता. रस्ता रुंद करणाऱ्यांनी तीन दिवसांपूर्वी त्याचं जुनं संत्र्याचं झाड आडवं केलं होतं. त्याच झाडाच्या फांद्यांवरचे डोळे सोलून, जंगली खुंटाच्या सालीत बसवून, वर पट्टी बांधून त्याने चाळीस वर्षं रोपं केली होती. पडलेल्या झाडाच्या डोळकाड्या कापता कापता तो घसरला आणि हात मोडून बसला. काड्या ओल्या गोणपाटात होत्या, पण आता सुरकुतायला लागल्या होत्या. आज त्यांचे डोळे खुंटांवर बसवले नाहीत तर झाडाचा वंशच बुडणार होता.

"तुम्ही निवांत पडा, बाबा," धाकटा म्हणाला. "मी दुपारी जाऊन सगळं उरकतो." गोड बोलण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

तीन वाजता म्हाताऱ्याने फोन लावला. "निघालोच," धाकटा म्हणाला. मागे मित्रांचं हसणं-खिदळणं चाललं होतं. चार वाजताही तो निघालाच होता.

"मोठ्याला परत विचारा," बायको म्हणाली.

"कोणत्या तोंडाने विचारू?"

बारा वर्षांपूर्वी मोठ्याने हौसेने शंभर खुंट बांधले होते. तो डावखुरा, त्यामुळे त्याची पट्टी उलटी फिरायची. "ही सैल पडणार, तुझा हात या कामाचा नाही," असं म्हणत म्हाताऱ्याने ते सगळे उपटून फेकले. डोळा जगला की नाही हे कळायला तीन आठवडे लागतात, तेवढंही तो थांबला नाही. त्यानंतर पोरगा शेडकडे फिरकला नव्हता. आपण थांबायला हवं होतं, हे म्हाताऱ्याला केव्हाच कळलं होतं. कबूल करायला तोंड उघडत नव्हतं.

शेवटी एका हाताने काय होईल ते करू, म्हणून तो स्वतःच पाय ओढत शेडवर गेला. पहिल्याच ओळीतल्या खुंटांवर पांढऱ्या पट्ट्या दिसल्या. त्याने वाकून बघितलं. सगळ्या उलट्या होत्या. त्याचा जीव भांड्यात पडला आणि तिथल्या तिथे त्याला रडू आलं.

मोठा शेवटच्या ओळीत उकिडवा बसला होता.

"नाही म्हणाला होतास," म्हातारा म्हणाला.

"म्हणालो होतो." मोठ्याने मान वर केली नाही. "घरात बसवेना. काड्या सुकत होत्या."

म्हाताऱ्याने एक पट्टी अंगठ्याने दाबून बघितली. "घट्ट बसलीय."

"उलटी आहे."

"असू दे. तेव्हा माझं चुकलं."

मोठ्याने पुढच्या खुंटाच्या सालीला चाकू लावला. मग तो एवढंच म्हणाला, "गोणपाट भिजवा जरा."

म्हाताऱ्याने गोणपाट भिजवलं. त्यातली चांगलीशी एक डोळकाडी निवडली आणि या शेडमध्ये पहिल्यांदाच कुणाला तरी विचारलं, "कुठल्या बाजूने देऊ?"

"डावीकडून."

म्हातारा उठला आणि त्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसला.