फिलो कोंबडीवाली मेली नव्हती

“हा आवाज तुमचाच ना?” न्यायाधीशबाईंनी मोबाइल टेबलावर ठेवला.

आनेझियोनं मान खाली घातली. भोंग्याची गाडी फिरवून गावातल्या मयताची बातमी तो तेवीस वर्षं देत आला होता. मोबाइलमधून त्याचाच घोगरा आवाज सांगत होता, “श्रीमती फिलोमेना तावारेस आज पहाटे वारल्या.” फिलोमेनाबाई नगराध्यक्षपदाला उभ्या होत्या, आणि या क्षणी बाहेरच्या बाकावर धडधाकट बसून चिडचिड करत होत्या. मतदान उद्यावर आलेलं, आणि सकाळीच गाव फुलं घेऊन त्यांच्या दारात जमलं होतं.

“आवाज माझा, बाईसाहेब, बोलणं माझं नाही. मी आधी टोपणनाव घेतो. ‘फिलो कोंबडीवाली’ म्हटल्याशिवाय इथं कुणाला कळणारे, कोण गेलं ते?”

कारकून हसला. बाईंनी मात्र ते लिहून घेतलं. यंत्रानं घडवलेला आवाज प्रचारात वापरायला बंदी होती. ती ध्वनिफीत ताबडतोब काढून टाकण्याचा हुकूम निघाला.

“तुमच्या आवाजाचं रेकॉर्डिंग कुणाकडे होतं?”

आनेझियोनं समोर पाहिलं. विरोधी उमेदवाराचा प्रचार सांभाळणारा वाल्देमीर, आनेझियोच्या मुलीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता, नखं न्याहाळत होता. दोन महिन्यांपूर्वी त्यानंच घरी बोलावलं होतं. चर्चच्या जत्रेसाठी म्हणून दोन तास वाचायला लावून रेकॉर्ड केलं, वर कॉफी आणि चीजचे पाव आग्रहानं खाऊ घातले.

पायऱ्यांवर त्यानं वाल्देमीरला गाठलं. “निदान विचारायचंस तरी.”

“आवाज दिला असतास?”

“नसता.”

“मग? मनाला लावून घेऊ नकोस रे. निवडणूक आहे. कुणी मेलंय थोडंच.”

गुरुवारी जोडेवाला झेका खरोखरच गेला. आनेझियोनं गाडी काढली, नेहमीसारखं आधी टोपणनाव घेतलं. एरवी भोंगा वाजला की लोक दारात येऊन टोपी काढत. आज खिडकीतून कुणीतरी ओरडलं, “खरा आनेझियो का मोबाइलमधला?” पलीकडे हशा पिकला. एक बाई झेकाच्या घरी फोन लावून खात्री करून घेत होती.

तिसऱ्या कोपऱ्यावर त्यानं भोंगा बंद केला. गाडी कडेला लावली, टोपी काढून हातात घेतली आणि पहिलं दार ठोठावलं.

“जोडेवाला झेका गेला. चार वाजता नेणार आहेत.”

दार उघडणाऱ्या म्हातारीनं त्याच्या तोंडाकडे नजर लावली. आवाजाबरोबर ओठ हलतात का, ते ती बघत होती.