बुटाच्या नाडीचं ठिगळ

"अगं, झाडू नकोस! ती धूळ राहू दे. मूळची आहे ती!"

"मूळची? काल येताना रस्त्यावर बसली ती मूळची कशी होईल?" ट्रकच्या मागच्या भागात वाकून केरसुणी फिरवताना ती म्हणाली.

"परीक्षकांना काय माहीत?" नवरा खालून म्हणाला आणि आपणच हसला.

तिने केरसुणी बाकड्याखाली सरकवली. संग्रहालयाच्या आवारात जुनी लष्करी वाहने ओळीने उभी होती. समोरच्या चिलखती गाडीतून दातांचे एक डॉक्टर हेल्मेट घालून अर्धे वर आले होते, आणि त्यांची बायको खालून "गोळ्या घेतल्यात का?" असे ओरडून विचारत होती. रक्तदाबाच्या. हौसेला मोल नाही म्हणतात ते खोटे नाही. तिच्या नवऱ्यानेही बस आगारातून निवृत्त झाल्यावर विटांच्या भट्टीमागे सडत पडलेला हा ट्रक उचलून आणला होता. इंजिन त्याने बसवले, आणि छत तिने. ताडपत्र्या, तंबू, दुकानांपुढचे पडदे शिवण्यात तिचा जन्म गेला होता. ट्रकचे छत शिवायला दुसरीकडे कशाला जायचे?

छत करायची तिची रीत ठरलेली होती. जुने छत टाका-टाका उसवायचे, एकेक तुकडा नव्या कापडावर पसरायचा, खडूने रेघ मारायची, कापायचे. जुन्याची खूण नव्यात उतरली की जुन्याचे काम संपले. ते तुकडे मग नवरा गाडीखाली अंथरायचा, त्यांनीच तेल पुसायचा.

या छताला एका बाजूला, बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, हाताएवढे ठिगळ होते. तपकिरी बुटाच्या नाडीने शिवलेले. टाके असे की कोंबडीने अंगण उकरावे. ते पाहून ती खळखळून हसली होती.

"बघा तुमच्या फौजेचा शिंपी! हा लढाई कशी जिंकला असेल?"

नवऱ्याने ठिगळ हातात घेऊन उलटसुलट पाहिले. त्याचे डोळे चमकले. प्रदर्शनात मूळ स्थितीतल्या वाहनाला बक्षीस म्हणून मिळणारी ढाल त्याला हवी होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बसगाड्या नीट केल्या, कोणी पाठीवर थाप मारली नव्हती. ही एक थाप त्याला हवी होती. "नवं छत दिसलं की गुण गेले. तू असं कर, हुबेहूब असंच ठिगळ नव्या कापडावर लाव. भोक नसू दे, वरून लाव."

मग तिने सबंध छत चहाच्या पाण्यात भिजवले, उन्हात टाकले, विटेने घासले. बाजारातून नवी नाडी आणून तीही चहात रंगवली. सगळ्यात अवघड गेले ते वाकडे टाके घालणे. हात सरळ शिवायला सरावलेला. दाभण आपोआप सुतात जाई, आणि तिला उसवून पुन्हा वाकडे घालावे लागे. त्या वेळी एकदा मनात आले होते, की हे काही बरे नव्हे. पण नवरा शेजारी बसून चिमटीत नाडी धरत होता, लहान मुलासारखा खूश होता. तिने पुढचा टाका वाकडा घातला.

आता ट्रकपुढे त्याने रंगवलेली पाटी होती : 'छतासह सर्व मूळ.'

"हाच," खालून एक थरथरता आवाज आला. "सूनबाई, हाच. बॉनेटवरचा आकडा वाच बरं पुन्हा."

एका मध्यमवयीन बाईने आकडा वाचला. तिच्या हाताला धरून एक म्हातारा उभा होता, जाड भिंगांचा चष्मा, इस्त्रीचा सदरा. "पेपरात फोटो आला होता तुमच्या ट्रकचा," सून ट्रकच्या मालकाला म्हणाली. "त्यावरचा आकडा मी यांना वाचून दाखवला, तेव्हापासून जेवण गोड लागत नाही यांना. हे चालवायचे हा ट्रक. लढाईत."

नवऱ्याने हातातले फडके टाकले आणि खाडकन सलाम ठोकला. "साहेब!"

"साहेब कसला, ड्रायव्हर होतो. वर चढू द्याल?"

लाकडी पायऱ्या लावल्या. खालून सुनेने आणि वरून तिने धरून त्याला आत घेतले. आत आल्यावर मात्र त्याला कोणाची गरज उरली नाही. बाकड्याच्या कडेला हात लावत तो नेमका तिथे गेला, बसला, आणि न वळता हात मागे नेला. बोटांना ठिगळ लागले.

"आहे," तो म्हणाला. "अजून आहे."



"तुम्ही लावलेलं का, आजोबा?" तिने विचारले, आणि उत्तर नको असे तिला वाटले.

"मग! दुसरं कोण असलं घाण शिवणार?" तो हसला. "इथे आमचा लंबू बसायचा. मी पुढे स्टिअरिंगवर, हा मागून बेसूर गाणी म्हणायचा. मला चिडवायला. त्या दिवशी गाता गाता मध्येच थांबला. मला वाटलं, कडवं विसरला. मी पुढून ओरडलो पण, अरे पुढचं म्हण की गाढवा."

सून पायरीशी उभी होती. तिने हे पूर्वी ऐकलेले नसावे. ती सासऱ्याकडे बघतच राहिली.

"मग पाऊस आला. आम्ही अडकून पडलेलो, न्यायला कोणी येण्यासारखं नव्हतं. लंबूला इथेच निजवला होता. गोळीच्या भोकातून पाणी नेमकं त्याच्या तोंडावर पडायला लागलं. त्याला काय कळत होतं म्हणा. पण मला बघवेना. दोरा नव्हता, म्हणून त्याच्याच बुटाची नाडी काढली." त्याने बोटाने नाडी चाचपली. "तेवढं तोंड कोरडं राहिलं त्याचं."

बाहेर नवरा ट्रकच्या फळीला धरून उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिले. त्याने मान खाली घातली होती.

"एक मागू का?" म्हातारा म्हणाला. "त्याची ताई आहे अजून. अंथरुणाला खिळलीय. त्याची पेटी घरी पोचलीच नाही, वाटेत गहाळ झाली. हात लावावा असं भावाचं काही नाही तिच्याकडे. या नाडीचं एवढंसं टोक दिलंत..."

"एवढंच ना, साहेब! घेऊन जा की!" नवरा फळीवरून आत झुकला. "अगं, काप. कात्री आहे ना तुझ्या पिशवीत?"

तो खोटे बोलत होता असेही नाही. येईल-जाईल त्याला 'मूळ, मूळ' सांगता सांगता त्या घटकेला त्याला ते खरेच वाटत होते. तिने कात्री काढली. नाडीचे टोक चिमटीत धरले. एकदा कात्री चालवली की झाले असते. म्हातारा समाधानाने गेला असता, ताईने टोक उशाखाली ठेवले असते, नवऱ्याला ढाल मिळाली असती. कोणाचे काही बिघडले नसते. टोक जवळ आले तेव्हा तिला चहाचा वास आला.

"आजोबा," ती म्हणाली, "ही त्यांची नाडी नाही."

"अगं—"

"हे छत नवीन आहे. मी शिवलंय. ठिगळपण मीच लावलंय, जुन्यासारखं दिसावं म्हणून. ही नाडी बाजारातली आहे."

म्हाताऱ्याचा हात ठिगळावरच होता. "आणि ते?"

"ते मी उसवलं. त्यावरून माप घेतलं."

"मग?"

"टाकून दिलं, साहेब," नवरा पुटपुटला.

"आधी तेल पुसलं," ती म्हणाली. अर्धे सांगून तिला सुटायचे नव्हते. "मग टाकलं. आणि ते टाके बघून मी हसले होते."

म्हाताऱ्याने हात काढला आणि गुडघ्यावर ठेवला. चिलखती गाडीवर कोणीतरी भोंगा वाजवला, लोक हसले. सून हळूच म्हणाली, "बाबा, चला ना."

"थांब." त्याने मान वर करून छताकडे पाहिले. त्याला किती दिसत होते कोण जाणे. "आता पाऊस आला तर पाणी येतं का आत?"

"नाही. थेंबही नाही."

"हं," तो म्हणाला, आणि उठला.

उतरताना त्याने तिच्याच खांद्याचा आधार घेतला. रागाने झिडकारले असते तर तिला सोसले असते. शेवटच्या पायरीवर तो थबकला. "मी फोनवर सांगून बसलो गं ताईला. आणतो म्हणून." हे तो सुनेला म्हणाला, की तिला, की ट्रकला, ते कळले नाही. "आता तिला काय सांगू?"

सुनेच्या हाताला धरून तो गाड्यांच्या ओळीतून हळूहळू गेला. वाटेत कोणीतरी त्याला झेंड्याच्या रंगांचे कागदी फूल दिले, ते त्याने घेतले.

तिने कात्री उघडली आणि ठिगळाचा पहिला टाका कापला.

"अगं, काय करतेस! परीक्षक शेजारच्या जीपपाशी आलेत!"

ती कापत राहिली. नवरा तिच्या हाताकडे बघत मागे सरला. मग पुढच्या बाजूला पाटीचे खिळे उपटल्याचा आवाज आला.

ठिगळ सुटले. खाली कापड धडच होते. भोक कुठे नव्हतेच. नुसती दाभणाची छिद्रे होती, एका वाकड्या चौकोनात. त्यांतून उन्हाचे ठिपके बाकड्यावर उतरले होते. तिने सवयीने तिथे हात फिरवला, तर ते हातावर आले. तिने हात मागे घेतला.

"बाई, इथे काय होतं?" खालून परीक्षकांनी छिद्रांकडे बोट दाखवून विचारले.

"इथे एक जण बसायचे," ती म्हणाली, आणि त्यांना वर चढायला हात दिला.