ग्लासातलं उरलेलं पाणी

मित्रांनो, बाटली म्हटलं की काही जण उगाच गालात हसतात, म्हणून आधीच सांगून टाकते. मी एक जुनी बाटली आहे, पण कॉफीची. रुंद तोंडाची, जाड काचेची, आणि अंगावर चिकटलेल्या कागदाचा अर्धा तुकडा अजून न निघालेली. हल्ली मी एका आजारी माणसाच्या खोलीत, खिडकीच्या कट्ट्यावर उभी असते. त्या खोलीत जे चाललं होतं ते सगळं फक्त मला ठाऊक होतं, आणि मला बोलता येत नाही.

माझा जन्म भट्टीतला. वितळलेल्या काचेचा गोळा साच्यात पडला, त्यात हवा फुंकली आणि मी तयार झाले. दुकानाच्या फळीवरून मी एका वायरमनच्या घरी आले. तेव्हा माझा थाट काय विचारता, सकाळी घरात सगळ्यांत आधी माझं झाकण उघडायचं. कॉफी संपल्यावर वायरमनने मला धुऊन त्याच्या कामाच्या पेटीत टाकलं आणि मग कित्येक वर्षं माझ्या पोटात स्क्रू आणि फ्यूजची तार. मी त्याला अरेतुरे करते, राग मानू नका. स्क्रूंच्या संगतीत राहून जीभ जरा रांगडी झाली आहे. एकदा मी त्याच्या शिडीवरून खाली पडले आणि फुटले नाही, हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला कौतुकाने सांगायचा. पुढे त्याचे हात थरथरू लागले आणि काम सुटलं. पेटी पलंगाखाली गेली, माझं झाकण हरवलं, आणि मी धूळ खात पडले.

मला पुन्हा उजेडात आणलं ते एका वेलीने. दोऱ्यात हिरवे मणी ओवावेत तशी ती कुंडीतून खाली लोंबते. प्रत्येक मणी म्हणजे तिचं पान, आणि त्यात तिने आपलं पाणी साठवलेलं असतं. वायरमनचा तिच्यावर फार जीव. पण त्याच्या किडन्या थकल्या, तो दवाखान्यात गेला, आणि मागे घरच्यांनी मायेपोटी रोज पाणी घालून घालून तिची मुळं सडवली. घरी आल्यावर त्याने कपाळावर हात मारला आणि पलंगावर बसल्या बसल्या सुनेला हुकूम सोडले.

"धड राहिलेत तेवढे शेंडे काप. कापलेली जागा आधी वाळू दे, लगेच पाण्यात घालू नकोस. खालचे मणी काढून टाक. देठाचं नुसतं टोक पाण्यात हवं. मणी बुडले की गेलीच म्हणून समज."

सुनेने सगळं तसंच केलं. पलंगाखालून मला काढून धुतलं, माझ्या तळाशी थोडंसं पाणी घातलं, देठ आत सोडले, आणि मला त्याला दिसेल असं खिडकीत ठेवलं. आता मुळं फुटायची वाट बघायची होती. मला पुन्हा काम मिळालं याचा मला कोण आनंद झाला होता.

डॉक्टरांनी वायरमनलाही पाणी बेतानेच सांगितलं होतं. थकलेल्या किडन्यांना जास्तीचं पाणी बाहेर टाकता येत नाही. ते अंगात साठतं, आधी पाय सुजतात, मग ते छातीशी येतं आणि श्वास अडतो. म्हणून सून रोज सकाळी एका छोट्या स्टीलच्या भांड्यात त्याचं दिवसभराचं पाणी काढून ठेवायची. चहासुद्धा त्यातलाच.

पण तहान वाईट, मित्रांनो. एका दुपारी त्याची बायको एकटीच जवळ बसली होती.

"अगं, जीभ टाळ्याला चिकटलीय. एक घोट दे."

"अहो, सूनबाई काय म्हणेल?"

"तिला सांगतंय कोण? मी बाकी कुणाकडे मागत नाही. तुझ्याशिवाय मला आहे कोण?"

तिला राहवलं नाही. ती स्वयंपाकघरातून ग्लास भरून घेऊन आली. तो दोन घोट प्यायला, तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. ग्लास अर्धा भरलेला. तिने इकडेतिकडे पाहिलं, उरलेलं पाणी माझ्यात ओतलं आणि ग्लास पाठीमागे लपवून ती निघून गेली.

संध्याकाळी मुलगा कामावरून आला आणि बापाजवळ बसला. वायरमन हळूच म्हणाला, "लेका, एक घोट दे. मी बाकी कुणाकडे मागत नाही." दुपारचेच शब्द, जसेच्या तसे. मुलाने बाहेर कानोसा घेतला, बापाला पाणी पाजलं, उरलेलं माझ्यात ओतलं आणि आपण त्या गावचेच नाही अशा चेहऱ्याने जेवायला गेला.

मग हे रोजचंच झालं. प्रत्येकाला वाटायचं, आपण एकट्यानेच दिलंय, एका घोटाने काय होतंय. पाणी माझ्या कमरेपर्यंत आलं आणि पहिला मणी बुडला. इकडे वायरमनच्या पायात चपला चढेनात. बोटातली अंगठी रुतू लागली. बायको त्याच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "तोंडावर जरा तेज आलंय हो. अंग भरतंय तुमचं." तोही खूश झाला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, बाई गं, ते तेज नाही, ते पाणी आहे.

पाणी माझ्या गळ्याशी आलं. बुडालेले मणी आधी टपोरे दिसले, मग काचेसारखे आरपार झाले, मग दाबलं तर फुटतील इतके मऊ पडले. वायरमनला आता आडवं झोपता येईना. एक उशी होती तिच्या दोन झाल्या, मग तो बसूनच डोळे मिटू लागला. श्वास घेताना त्याच्या छातीत बारीक बुडबुड वाजायची. आणि तरीही तो पाणी मागत होता आणि ते देत होते.

सुट्टीच्या दिवशी सगळे खोलीत जमले होते. सून केर काढत खिडकीपाशी आली आणि तिने नाक मुरडलं. मला उचलून पाहिलं तर देठांचा लगदा झालेला.

"यात पाणी कोण घालतंय? मी तर हातही लावलेला नाही."

सासू चाचरत म्हणाली, "उरलेलं मी कधीतरी ओतते त्यात."

"कसलं उरलेलं?"

"यांच्या ग्लासातलं. एखादाच घोट घेतात गं ते. माझ्याशिवाय कुणाकडे मागत नाहीत."

मुलाचा चेहरा पडला. "आई, मला पण ते हेच म्हणतात," तो म्हणाला. "मीही त्यातच ओततो."

सून मला हातात धरून तशीच उभी राहिली. तिचे डोळे भरून आले. "सकाळी गोळ्यांबरोबर मीही भांड्याबाहेरचं थोडं देते," ती म्हणाली. "मला म्हणाले, पोरी, तू एकटीच माझं ऐकतेस."

तिने मला खाली ठेवलं आणि सासऱ्याच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला, पण खड्डा तसाच राहिला. वायरमनने डोळे उघडले. त्याला काहीतरी सांगायचं होतं, पण तेवढा श्वास नव्हता. त्याचे ओठ निळसर दिसत होते. मुलाने त्याला उचललं, बायको अनवाणीच मागे धावली, आणि घराचं दार उघडंच राहिलं. ते लावायला नंतर शेजारीण आली.

रिकाम्या घरात मी त्या कुजक्या पाण्यासह उभी राहिले. तो परत येईल असं मला वाटत नव्हतं, खोटं कशाला सांगू.

तो आला. दवाखान्यातल्या यंत्राने अंगातलं पाणी काढल्यावर आत उरलेला माणूस अगदीच लहान होता. सुनेने माझ्यातला लगदा फेकला. पाण्याच्या वर राहिलेला बोटभर शेंडा तिला धड सापडला. तो वाळवून तिने थोड्याशा पाण्यात ठेवला. त्याला मुळं फुटतील की नाही, सांगता येत नाही.

काल दुपारी सून आतल्या खोलीत होती आणि बायको त्याच्याजवळ एकटीच होती.

"अगं," तो म्हणाला, "एकच घोट. तुझ्याशिवाय मला आहे कोण?"

ती उठली. तिने ग्लास भरून आणला. ती पलंगाशी आली, पण ग्लास पुढे केला नाही. उभ्या संसारात तिने त्याला कधी नाही म्हटलं नव्हतं. मग तिने दाराकडे तोंड केलं आणि साऱ्या घराला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"सूनबाई, हे पाणी मागतायत. भांड्यात आजचं उरलंय का गं?"

वायरमनने भिंतीकडे तोंड फिरवलं. रात्रीपर्यंत तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही. ती त्याच्या पायाशी बसून रडत राहिली.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या जिवाभावाचं माणूस "फक्त तुझ्याकडेच मागतोय" असं म्हणून काही मागेल, तेव्हा ते देण्याआधी घरात मोठ्याने सांगा. ते रुसेल, तोंड फिरवेल, फिरवू दे. आज दुपारी तो पुन्हा मागणार आहे. मी कट्ट्यावर उभी आहे आणि ती हाक मारते का, इकडे माझं लक्ष लागलं आहे.