हाताखालची माणसं

माझ्या नवऱ्याला, हेरंबला, कंपनीने मॅनेजर केलं तेव्हा पगार वाढला नाही की खुर्ची बदलली नाही. गळ्यातल्या कार्डावरचा हुद्दा तेवढा बदलला. सासऱ्यांना मात्र तेवढंही पुरलं. चेन्नईजवळ आवडी गावच्या कारखान्यात उभा जन्म लेथवर काढलेला माणूस! त्यांनी अख्ख्या महाराष्ट्र मंडळात पेढे वाटले.

"हेरंब आता हुकूम सोडतो," असं ते सांगत सुटले. हुकूम कसला? बाराजणांनी किती काम केलं ते गोळा करून हा वर पाठवायचा. त्या बाराजणांत तो स्वतःही होता. सासऱ्यांच्याच आग्रहावरून त्याने नोकरीच्या साइटवर टाकलं, 'बाराजणांच्या टीमचं नेतृत्व'. मी हसले तर दोघंही माझ्यावर रुसले.

यंदा प्रोजेक्ट संपला आणि एचआरमधल्या कीर्तना नावाच्या बाईने त्याला बोलावून गोड आवाजात राजीनामा मागितला. हॉटेलात थंडगार डोसा आला तरी मुकाट खाणारा हा माणूस, त्या दिवशी चक्क "देणार नाही" म्हणाला. लग्न झाल्यापासून मला त्याचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता. कंपनीने त्याला काढून टाकलं. तो आयटीवाल्यांच्या युनियनमध्ये गेला आणि त्यांनी कामगार खात्यात तक्रार दाखल करून दिली.

सुनावणीला आम्ही तिघं गेलो. कीर्तनाचा मुद्दा एकच होता: कायदा कामगारांसाठी आहे आणि हे पडले मॅनेजर, तेव्हा यांना तक्रार करताच येत नाही. पुरावा म्हणून तिने लॅपटॉप फिरवून ते बाराजणांचं नेतृत्व अधिकाऱ्यांना दाखवलं.

"सार, माझं तिथे कोणीच ऐकत नव्हतं," हेरंब अधिकाऱ्यांना म्हणाला.

"मग असं लिहिलंत कशाला?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

हेरंब टेबलाकडे बघत बसला. सासरे पंख्याकडे बघत होते. मला दोघांचाही असा संताप आला! इथे नोकरी चालली होती आणि हे बापलेक अब्रू सांभाळत होते.

"बाबा, बोला ना," मी म्हणाले.

सासरे उठले. एके काळी कारखान्याच्या गेटवर युनियनची भाषणं ठोकलेला माणूस, पण आज खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. शेवटी तमिळमध्ये म्हणाले, "सार, ते मी लिहायला लावलं. चारचौघांत सांगता यावं म्हणून. याला स्वतःची रजासुद्धा मागून घ्यावी लागायची. माझं ऑपरेशन होतं तेव्हा मागितली, तर मिळाली नाही. हा दवाखान्यात माझ्या पायाशी लॅपटॉप घेऊन बसला होता." मग हेरंबच्या खांद्यावर हात ठेवला. "माझा मुलगा कामगार आहे, सार."

एवढं बोलून ते खाली बसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अधिकाऱ्यांनी त्यांचं म्हणणं उतरवून घेतलं, कीर्तनाची हरकत बाजूला ठेवली आणि कंपनीला उत्तर द्यायला पुढची तारीख दिली.

आम्ही बसस्टॉपवर आलो. बस काही येत नव्हती.

"क्षमा," त्यांनी मला हळूच हाक मारली, "आतलं बोलणं मंडळात कळायला नको."

"अहो बाबा, पण आपण जिंकलो तर? तेव्हा तर सांगावंच लागेल."

"सांगू की! मॅनेजरची नोकरी परत मिळाली म्हणून सांगू."