समेटाची खाट

सानगडीतल्या समेट मंडळाकडे ना कपाट होतं ना खुर्च्या. होती ती एक खाट. पण कशी खाट. तिची दोरी इतकी ढिली, की एकदा म्हणे तिच्यात झोपलेली शेळी चार दिवस सापडली नाही, आणि सापडली तेव्हा दोन पिलांसकट. हे खोटं असेल तर शेळीला विचारावं.

मंडळाचं काम त्या खाटेवर चालायचं. भांडणारे दोघे मोहाच्या झाडाखाली आणून तिच्यावर बसवायचे. दोन्ही कडांना बसलेली माणसं घरंगळत मधल्या खड्ड्यात यायची, खांद्याला खांदा, मांडीला मांडी. मंडळाचे सभासद मग चहा प्यायला निघून जायचे. कोणी समजूत घालत नसे, कोणी निवाडा देत नसे. त्या खड्ड्यातून एकट्याला उठताच यायचं नाही. दुसऱ्याचा हात धरून, दोघांनी एकमेकांना ओढूनच वर यावं लागे. हात धरला की तंटा मिटला, एवढाच मंडळाचा कायदा. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, डोकी फोडणारे दोन भाऊ एकदा इतके हट्टाने बसले, की खाटेखाली मुंग्यांनी वारूळ उभारलं. शेवटी वारूळ टोचायला लागलं तेव्हा उठले, पण हात धरूनच.

ही खाट आली लाखनीच्या हायवेवरच्या ढाब्यातून. बौद्धवाड्यातले आनंदराव तेव्हा एसटीत कंडक्टर होते. टेकचंद कोष्टी घरच्या मागावर विणलेल्या लुगड्यांचं गाठोडं घेऊन बाजाराला जायचा. तलावाच्या वाटेवरून बौद्धवाड्याचं आणि कोष्टीपुऱ्याचं वाजलेलं, आणि त्या भांडणात दोन्हीकडून सगळ्यात मोठा आवाज या दोघांचा. त्या दिवशी गाडी बंद पडली आणि ढाब्यावर बसायला खाट एकच. दोघे पाठ फिरवून बसले आणि घसरून खड्ड्यात एकमेकांवर आदळले. दुसरी गाडी आली, हॉर्न देऊ लागली, पण उठता येईना. तेव्हा टेकचंदने हात पुढे केला. कोष्टीपुऱ्यातल्या माणसाने बौद्धवाड्यातल्या माणसाचा हात धरल्याचं तोवर कोणी पाहिलं नव्हतं. ढाबेवाल्याकडून ती खाट मागून दोघांनी बसच्या टपावर टाकून आणली आणि मंडळ सुरू केलं.

त्याला आता तीसेक वर्षं झाली. सभासद वाढले. भोजराज सचिव झाला. हा शिकलेला, मोबाईलवर बोलता बोलता जेवणारा. त्याने मंडळाच्या पुढच्या वाटचालीसाठी बैठक लावली आणि भंडाऱ्याहून एक पाहुणे बोलावले.

पाहुणे म्हटल्यावर आनंदरावांना आपली खाट लाजिरवाणी वाटली. आठवडाभर आधी ते टेकचंदला म्हणाले होते, "खाट जराशी कसून घेजो गड्या. भंडाऱ्याचे लोक येऊन राहिले, त्याइले बरं दिसलं पायजे." टेकचंद हो म्हणाला. आनंदराव बोलले आणि विसरून गेले.

बैठकीच्या दिवशी खाटेवर टेकचंदने स्वतः विणलेली नवी चादर पसरली होती. भोजराजने योजना सांगितली. मंडळ लाखनीला न्यायचं, हायवेला लागून असलेल्या हॉलमध्ये. दोन पक्षांना दोन खुर्च्या, मध्ये टेबल. आणि तंटा ऐकायचा तो फक्त सभासदांचा.

"काकाजी, जमाना बदलला. ज्याले समेट पायजे त्यानं पयले सभासद व्हावं."

"म्हंजे नवरा बायकोले मारून राहिला आन बायको म्हनते, थांब जरा, मी सभासद होऊन येतो," आनंदराव म्हणाले. माणसं हसली. भोजराजही हसला, पण पाहुण्यांकडे बघून.

लाखनीला जायचं असेल त्यांना हात वर करायला सांगितलं. अर्धे वर, अर्धे खाली. आणि वरच्यांत टेकचंदचा हात होता.

आनंदरावांना आधी वाटलं, तो माशी हाकलतोय.

"आपलाच तंटा झाला हा," मागून मंगलाबाई बोलल्या, आनंदरावांच्या घरच्या. "बसवा दोघाइले खाटेवर."

सगळ्यांना पटलं. कायदा तोच होता. आनंदराव तर मनातून खूश झाले. एकदा खड्ड्यात खांदा लागला की टेकचंद वितळणार, हे त्यांना ठाऊक होतं. सभासद पाहुण्यांना घेऊन चहाला गेले. दोघे दोन कडांना बसले.

आणि बसूनच राहिले. कोणी घसरलं नाही. आनंदरावांनी चादरीवर तळवा दाबला. खालची दोरी मागावरच्या ताण्यासारखी ताठ होती. टेकचंदने जराशी कसली नव्हती. कोष्ट्याच्या हाताला जराशी कसणं येतच नाही. दोघांच्या मधे आणखी दोन माणसं मावली असती, इतकी जागा होती.

"असी काहून कसली रे?"

"तूच म्हनला ना कस म्हनून."

"लाखनीले जायाचं तुले कोनं शिकवलं? भोजराजनं?"

"मले शिकवा लागते का? तीस वर्सं झाले, गाव म्हनते आनंदरावचं मंडळ. आनंदरावची खाट. मी का खाटेचा पाय आहो? लाखनीले निदान खुर्ची त माई राहीन."

"मनात होतं त बोलाचं होतं."

"तू बोलू देशीन तवा ना. कंडक्टर होता, आतापरेंत घंटीच वाजवून राहिला."

खड्ड्यात असते तर आनंदराव यावर हसले असते. तिथे खांदा हलला की दुसऱ्याचा खांदा हलतो, आणि हसू लपत नाही. इथे कडेवर ताठ बसल्या बसल्या त्यांना ढाबा आठवला. आजवर कोणाजवळ न काढलेली गोष्ट तोंडातून निघाली.

"ढाब्यावर हात देल्ला होता तू मले. आन मंग धोतराले पुसला होता. मी पायलं."

टेकचंदने आपला तळवा उलटा करून पाहिला.

"घामानं ओला होता रे."

"हो. घामानंच."

"तीस वर्सं हे घेऊन माया बाजूले बसला तू?"

टेकचंदने गुडघ्यांवर हात टेकले आणि उठला. एकटा. त्या खाटेवरून एकटा उठलेला तो पहिला माणूस. चहा घेऊन परतणाऱ्यांनी दुरून त्याला उभं पाहिलं, त्यांना वाटलं समेट झाला, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. टेकचंदने पुन्हा हात वर केला. समेट लाखनीचाच झाला असं समजून या खेपेला आणखी हात वर झाले. पाहुण्यांनी भोजराजचं अभिनंदन केलं.

मंडळ लाखनीला गेलं. तिथे खुर्च्या चांगल्या आहेत म्हणतात. येणारे दोन्ही पक्ष आरामात बसतात, आरामात उठतात आणि बाहेर जाऊन भांडतात.

खाट मोहाखालीच राहिली. आनंदरावांनी नखं तुटेस्तोवर तिच्या गाठी सोडल्या, दोरी ढिली केली आणि खड्ड्यात जाऊन बसले. टेकचंद रोज सकाळी त्याच रस्त्याने लाखनीची बस पकडायला जायचा. मंगलाबाई उठवायला आल्या, हात दिला, तर म्हणाले, "तुया हात नाई पायजे."

"मंग बसा तसेच," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

एका सकाळी टेकचंद रस्त्यात थांबला. खाटेजवळ आला. आनंदरावांनी हात वर केला.

टेकचंद दोरीकडे बघत होता. कोष्ट्याची नजर दुसरीकडे जातच नाही.

"लय ढिली झाली हे. लोक पायतीन त का म्हनतीन. सांजेले येऊन कसून देतो."

वळणावर बसचा हॉर्न वाजला आणि तो निघाला.

आनंदरावांचा हात तसाच वर होता. मग खाली आला. तळवा घामाने चिंब झाला होता. त्यांनी तो धोतराला पुसला, आणि पुसता पुसता मधेच थांबले.